धुकं ओसरेपर्यंत बाहेरच थांबा

वाचकाचं पत्र

नमस्कार दादा,

विट्याजवळच्या एका बाजारगावात आमची सोन्याचांदीची पेढी आहे. पुढे दुकान, मागे छोटी खोली. तिथे दुरुस्तीचं आणि उजाळ्याचं काम चालतं. गेल्या वर्षी यजमानांनी चोरीच्या अलार्मला जोडलेलं धुक्याचं मशीन बसवून घेतलं. मागच्या महिन्यात रात्री पावणेतीनला मोबाईलवर अलार्म आला. यजमान आणि दीर धावले, तोवर चोर शटर अर्धवट उचकटून पळाले होते. शटरच्या फटीतून पांढरा लोट रस्त्यावर येत होता. यजमान तिजोरी बघायला तसेच आत शिरले आणि शोकेसच्या कोपऱ्यावर गुडघा फोडून घेतला, चार टाके पडले. मागोमाग सासरे गेले. त्यांना दमा आहे, तासभर खोकत होते. शेजाऱ्यांनी आग समजून अग्निशमनची गाडी बोलावली. आम्ही घाईघाईत शटर पूर्ण वर केलं, पंखे लावले. पोलीस आल्यावर म्हणाले, 'तुम्हीच सगळीकडे हात लावून ठेवलेत.' त्यात दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला जाताना अलार्म लावला, तर मशीन पुन्हा सुटलं. आता काचांवर चिकट थर बसलाय, वजनकाट्याची काळजी वाटते, मोत्यांच्या नथींचे ट्रे उघडे होते. चोरीला एक गुंजही गेली नाही, पण घरात सगळे म्हणतात, हे मशीन काढून टाका. पोटमाळ्यावर झोपणारा कारागीर मुलगा त्या रात्री गावी गेला होता, तेवढं नशीब. मशीन सुटल्यावर नेमकं काय करायचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. तुम्ही सांगाल का?

एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर

ताई,

पत्र दोनदा वाचलं. एक गुंजही गेली नाही, म्हणजे मशीनने आपलं काम चोख केलं. पण घरातल्या दोन माणसांना इजा झाली. ती चोरांनी केली नाही, धुक्यानेही नाही. मशीन बसवताना पैसे घेतले, रिमोट हातात दिला आणि पुढचं कुणी समजावलं नाही, त्यातून ती झाली. दुकानांत असे अलार्म बसवण्याच्या कामात माझी वीसेक वर्षं गेली आहेत, आणि हे चित्र मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की तुमचं पत्र वाचून नवल वाटलं नाही, वाईट मात्र वाटलं.

हे धुकं म्हणजे काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं आपोआप उलगडेल. मशीनच्या पोटात धातूचा एक ठोकळा चोवीस तास तापलेला असतो. अलार्म वाजला की पंप त्यावर ग्लायकॉल आणि शुद्ध पाण्याचं मिश्रण ढकलतो. त्याची क्षणात वाफ होते, ती तोंडातून जोरात बाहेर पडते, थंड हवेत आली की तिचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि ते हवेत तरंगत राहतात. काही जळत नाही, त्यामुळे याला धूर म्हणायचं नाही. तुमच्या दुकानाएवढी जागा भरायला काही सेकंद पुरतात. त्यानंतर स्वतःचा पसरलेला हातही दिसत नाही. लाईट लावला तर आणखी वाईट, कारण प्रकाश त्या थेंबांवरून उलटून डोळ्यांवरच येतो. चोराच्या हातातली बॅटरी निकामी होते ती याचमुळे, आणि तुमच्या यजमानांच्या हातात बॅटरी असती तरी तीही याचमुळे निकामी झाली असती.

या यंत्रांसाठी युरोपात ईएन ५०१३१-८ नावाचं मानक आहे. धुकं किती दाट असावं, किती वेगाने भरावं आणि माणसाला त्यापासून अपाय होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी, हे त्यात ठरवलेलं आहे. तुमच्या मशीनच्या कागदपत्रांत या मानकाचा उल्लेख आहे का, ते एकदा बघा. नसेल तर बसवणाऱ्याला विचारा.

आता तुमचा प्रश्न. अलार्म आला, तुम्ही पोहोचलात, शटरच्या फटीतून पांढरं बाहेर येतंय. अशा वेळी आत जायचं नाही. यजमानांनी नाही, दिरांनी नाही, कुणीच नाही. चोर पळाले असतील हा अंदाज असतो, खात्री नसते. धुक्यात सापडलेला चोर आंधळा झालेला असतो, घाबरलेला असतो आणि हातात पहार असते. त्याला बाहेर पळायला वाट हवी असते आणि त्या वाटेतच तुम्ही उभे असता. म्हणून शटरच्या तोंडाशी गर्दी करायची नाही. रस्त्याच्या पलीकडे, उजेडात उभं राहायचं आणि ११२ लावायचा. 'पेढी फोडायचा प्रयत्न झाला आहे, आत माणूस असू शकतो, दुकानात सुरक्षेचं धुकं सुटलं आहे, आग नाही', ही चारही वाक्यं फोनवर सांगायची. शेवटचं विसरू नका. नाहीतर गस्तीवरचा पोलीस धूर समजून कुलूप तोडायला धावेल.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका पेढीत मी स्वतः तारा ओढल्या होत्या, कुठला टेबल कुठे, कुठलं बटण कुठे, सगळं पाठ. रात्री मशीन सुटलं, सायरन बंद होईना. मालक बाहेर थांबले आणि मी म्हणालो, अलार्म बंद करायचं पॅनल बारा पावलांवर आहे, जाऊन येतो. काउंटरच्या कडेला हात लावून निघालो. पाचव्या पावलाला काउंटर संपला आणि हात हवेत गेला. त्या क्षणी दार कुठल्या बाजूला आहे तेच मला कळेना. सायरनचा आवाज सगळीकडून येत होता, त्यामुळे आवाजाच्या रोखाने जायचीही सोय नव्हती. शेवटी खाली बसलो, हाताने फरशीची रेघ शोधली आणि रांगत बाहेर आलो. त्या दुकानात मी महिनाभर काम केलं होतं. तेव्हापासून मी कुणालाही सांगतो की आपलं दुकान आपल्याला पाठ आहे हा विचार धुक्यात शिरण्याआधी सोडून द्या. यजमानांना यात कमीपणा वाटून घेऊ देऊ नका, ताई. ते माल वाचवायला धावले, कुणीही धावलं असतं.

अग्निशमनच्या गाडीबद्दल शेजाऱ्यांना बोल लावू नका. त्यांनी बरोबरच केलं. पांढरा लोट दिसला आणि कारण माहीत नाही, तर १०१ लावायचाच असतो. तुम्ही एवढंच करा, आजूबाजूच्या दुकानदारांना आणि गावातल्या अग्निशमन केंद्राला सांगून ठेवा की आमच्याकडे असं मशीन आहे, आणि शटरवर मराठीत ठळक पाटी लावा. ती पाटी चोरही वाचतो, हा आणखी एक फायदा. फरक ओळखायचा तर धुकं पांढरंशुभ्र असतं, त्याला किंचित गोडसर वास असतो किंवा काहीच नसतो, आणि ते गरम लागत नाही. जळका वास, करडा किंवा काळा रंग, दाराला धग यांतलं काहीही जाणवलं, तर आग समजूनच वागायचं.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी जास्त सांभाळाव्या लागतील, कारण मागच्या खोलीत काम चालतं. तिथे गॅसची टाकी असणार आणि बहुधा नायट्रिक ॲसिडही असणार. ॲसिडची बाटली फुटली किंवा सांडली तर तपकिरी वाफ उठते. ती विषारी असते, धुक्यात मिसळली तर रंग नीट कळत नाही, पण नाकाला झोंबते. दुसरं, हल्ली चोर तिजोरी कापायला गॅस कटर घेऊन येतात आणि पळताना टाकी तिथेच टाकून जातात. कधी कधी तिचा कॉक उघडाच असतो. म्हणून आत पाऊल टाकण्याआधी दारात उभं राहून वास घ्या. स्वयंपाकाच्या गॅससारखा वास आला तर पंख्याचं, लाईटचं, एक्झॉस्टचं कुठलंही बटण दाबायचं नाही. चालू असेल ते चालू राहू द्या, बंद असेल ते बंद. तिथून दूर या आणि १०१ लावा. गॅसगळतीसाठी १९०६ हा वेगळा नंबरही आहे. आणि आजपासून एक सवय लावून घ्या, रात्री दुकान वाढवताना कारागिराने टाकीचा रेग्युलेटर बंद केला का, ते घरच्या कुणीतरी हात लावून बघायचं.

पोलीस आले की आत कुणी नाही ही खात्री त्यांनी करायची, तुम्ही नाही. त्यांनी हिरवा कंदील दाखवल्यावरच हवा खेळती करायला घ्या. आणि इथे तुमचं काय चुकलं ते सांगतो. चोरांनी शटर उचकटलं, म्हणजे त्यांच्या हातांचे ठसे, पहारीच्या खुणा, चपलांचे माग त्या शटरवर आणि उंबऱ्यावर होते. तुम्ही तेच शटर वर ढकललंत. दुसरं दार असेल तर ते उघडायचं. मागच्या बोळातला दरवाजा, वरची झडपं, एक्झॉस्ट. दुसरं दारच नसेल, तर आधी शटरचे सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे, पोलिसांना विचारायचं, मग हातमोजे घालून एका टोकाला धरून वर करायचं. श्वानपथक येणार असेल तर उंबऱ्याशी कुणाला फिरकूच द्यायचं नाही. गावातली निम्मी माणसं बघायला येतात, त्यांना लांब थोपवणं हे दिरांचं काम.

धुकं बाहेर काढताना छताचा पंखा लावू नका. तो ते घुसळत ठेवतो, बाहेर घालवत नाही. एसी तर अजिबात नको, तो तीच हवा आत फिरवतो आणि धुक्याचा ओलावा त्याच्या जाळीवर बसतो. टेबलफॅन दारात ठेवा, तोंड रस्त्याकडे करून. समोरासमोर दोन वाटा मोकळ्या असतील तर साधारण अर्ध्या तासात दुकान दिसायला लागतं. सगळं बंद ठेवलं तर तासाभराहून जास्त तसंच राहतं, आणि जितकं जास्त वेळ राहतं तितका काचांवर थर बसतो.

हवा मोकळी झाली की पहिल्यांदा मशीनच्या तोंडाजवळच्या फरशीकडे बघा. तिथे ओल उतरलेली असते आणि ती निसरडी असते. मशीनच्या तोंडाला हात लावू नका, ते बराच वेळ चटका देण्याइतकं गरम राहतं.

सासऱ्यांबद्दल. निरोगी माणसाला या धुक्याने घसा खवखवणं, डोळे चुरचुरणं याहून फारसं काही होत नाही, मोकळ्या हवेत आलं की ते जातं. दम्याच्या माणसाचं तसं नसतं. श्वासनलिका आधीच हळवी असते, असा कुठलाही दाट ओलावा तिला आवळू शकतो. पुन्हा असं झालं तर त्यांनी दुकानापाशी यायचंच नाही, घरात थांबायचं. चुकून आलेच तर लगेच मोकळ्या हवेत बसवा, त्यांचा पंप द्या, आणि श्वास सुधारला नाही, वाक्य पूर्ण बोलता येईना, तर वाट न बघता १०८ लावा. आणि त्या रात्री ते तासभर खोकले, हे त्यांच्या डॉक्टरांना अजून सांगितलं नसेल तर या आठवड्यात सांगा.

आता कागदाचं काम. चोरीला काही गेलं नाही म्हणून पुष्कळ लोक तक्रारच देत नाहीत. ही मोठी चूक आहे. रात्री दुकान फोडायचा प्रयत्न हाही गुन्हाच आहे. एफआयआर नोंदवा. तिची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळाली पाहिजे, तसं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेलं आहे. पंचनामा होताना घरातलं कुणीतरी हजर राहा आणि शटर तुम्ही हाताळलं आहे, हे स्वतःहून सांगा. लपवलं तर पुढे तुमचेच ठसे सापडून तपास भरकटतो.

सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग लगेच दुसरीकडे उतरवून घ्या, डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, जुनं पुसून त्यावर नवं चढवत राहतो. आतल्या कॅमेऱ्यात धुकं सुटल्यावर नुसता पांढरा पडदा दिसेल. खरी किंमत आहे ती त्याआधीच्या काही सेकंदांना आणि बाहेरच्या कॅमेऱ्याला. समोरच्या मेडिकलवाल्याचा, कोपऱ्यावरच्या बँकेचा कॅमेरा रस्त्याकडे असेल तर त्यांनाही आजच विनंती करा. डीव्हीआरचं घड्याळ पाच-सात मिनिटं मागेपुढे असतं, तो फरक मोबाईलच्या वेळेशी ताडून वहीत लिहून ठेवा. न्यायालयात हे रेकॉर्डिंग द्यायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. ते कसं द्यायचं हे तपास अधिकाऱ्यांना विचारा.

पेढीचा विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा, मेल केला तरी चालतो. शटर, काच, मशीनचं भरलेलं द्रव, यांतलं पॉलिसीत काय बसतं ते पॉलिसी वाचूनच कळेल. पण सर्वेक्षक येण्याआधी शटर बदलून टाकलंत, तर दाखवायला काही उरत नाही. तात्पुरतं वेल्डिंग करून बंद करा, त्याआधी फोटो काढा. आणि स्टॉक रजिस्टरप्रमाणे सगळा माल मोजून दोघांच्या सह्या घ्या. 'काही गेलं नाही' हे डोळ्यांनी बघून म्हणणं वेगळं आणि वजन करून लिहिणं वेगळं.

दुपारी मशीन पुन्हा सुटलं त्याबद्दल. अशा व्यवस्थेत मशीन एका खुणेवर सुटू नये म्हणून दोन साक्षी घेतात. शटरचा चुंबकी सेन्सर सांगतो की शटर उघडलं, आणि आतला हालचाल टिपणारा सेन्सर सांगतो की कुणीतरी हलतंय. दोन्ही मिळाल्यावर धुकं सुटतं. तुमचं शटर वाकलं, त्यामुळे चुंबकाची जागा सरकली असणार. ते लावलेलं असलं तरी पॅनलला सतत उघडंच वाटतंय. मग उरली एकच साक्ष. जेवायला जाताना पंखा चालू राहिला असेल आणि एखादं कॅलेंडर, एखादा फलक हलला असेल, तेवढं पुरलं. हा माझा पत्र वाचून केलेला अंदाज आहे, पण तुमच्या मशीनवाल्याला पहिल्यांदा तेच तपासायला सांगा. आणि नियम म्हणून लक्षात ठेवा, एकदा मशीन सुटलं की दुरुस्ती होईपर्यंत फक्त धुकं बंद करून ठेवायचं, सायरन आणि बाकीचा अलार्म चालू ठेवायचा. पॅनलवर किंवा मशीनवर त्यासाठी वेगळी किल्ली किंवा वेगळी सोय असते. ती कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत हवं.

दोनदा सुटलंय म्हणजे टाकीतलं द्रव संपत आलं असणार. आता एक कळकळीची विनंती. गावातला कुणीतरी हमखास सांगेल, अहो, लग्नात वधूवरांच्या एन्ट्रीला धूर सोडतात त्या मशीनचं लिक्विड स्वस्तात मिळतं, तेच ओता. ओतू नका. त्याचं प्रमाण वेगळं, शुद्धता वेगळी, त्याने तापलेल्या ठोकळ्यात थर धरतो, नळी तुंबते आणि ज्या रात्री गरज पडते त्या रात्री मशीन नुसतं थुंकतं. कंपनीचंच द्रव भरून घ्या, भरल्याची तारीख मशीनवर लिहून घ्या. त्याच वेळी आतली बॅटरी तपासून घ्या, कारण चोर पहिल्यांदा वीज तोडतात आणि मग मशीन त्या बॅटरीवर चालतं. द्रव भरून येईपर्यंत भारी माल रात्री बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. एकदा परतलेले चोर पुन्हा येतात, आणि टाकी रिकामी आहे हा अंदाज त्यांनाही बांधता येतो.

साफसफाईचं घाबरू नका. तो थर पाण्यात विरघळतो. सकाळच्या तिरप्या उन्हात काच बघितलीत तर तेलकट बोट फिरवल्यासारखं दिसेल, पण तेल नाही ते. कोमट पाण्यात मलमलीचा तुकडा भिजवून घट्ट पिळा, वरून खाली एकदाच पुसा, मागोमाग कोरडा फिरवा. थिनर, रॉकेल लागत नाही, त्याने काउंटरचं पॉलिश जाईल. सोन्याला या थराने काही होत नाही, चांदी नेहमीसारखी पुसली की झालं. मोत्यांचं मात्र तुमचं बरोबर आहे. मोती नाजूक असतो आणि नथींचा मोती तारेत गुंफलेला, मधे ओल राहते. एकेक नथ हातात घ्या, जेमतेम ओलसर मऊ कापडाने प्रत्येक मोती पुसा, आणि सावलीत पांढऱ्या कापडावर रात्रभर पसरून ठेवा. डबीत लगेच बंद करू नका. तन्मणी, चिंचपेट्या असतील तर त्यांचे रेशमी गोंडे वेगळे सुकवा. मखमलीचे ट्रे उन्हात न ठेवता वाऱ्यावर टाका, उन्हात रंग उडतो.

वजनकाट्याचा प्लग काढा. पारडं उचलून पुसा, काचेचं झाकण पुसा, दिवसभर तसाच वाळू द्या. मग प्रमाणित वजन ठेवून बघा. आकडा बरोबर आला तर प्रश्न संपला. चुकला तर स्वतः उघडू नका, गावातल्या मेकॅनिककडूनही नको, कारण वैधमापनचं, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचं, सील तुटलं की काटा पुन्हा पडताळणी करून घ्यावा लागतो. अधिकृत दुरुस्तीवाल्यालाच बोलवा. कॉम्प्युटर, बिलाचा प्रिंटर, एसीची जाळी, यांवरही एकदा कोरडं कापड फिरवा. उघडा खाऊ, पाण्याचा माठ दुकानात असेल तर टाकून द्या.

मशीन काढायचं का, हा शेवटचा प्रश्न. माझं मत विचाराल तर काढू नका. सायरन वाजला की गावातले लोक उठेपर्यंत चोरांना दहा मिनिटं मिळतात, आणि पेढी रिकामी करायला दहा मिनिटं पुष्कळ होतात. ती दहा मिनिटं या मशीनने तुम्हाला मिळवून दिली.

पण ताई, माझी एक अट आहे, आणि ती तुमच्या पत्रातल्या शेवटाकडच्या एका ओळीवरून आली आहे. पोटमाळ्यावर झोपणारा कारागीर मुलगा त्या रात्री गावी गेला होता, असं तुम्ही लिहिलंत. तो गावी गेला नसता तर? धुकं वर चढतं, पोटमाळा पहिल्यांदा भरला असता. झोपेतून उठलेला मुलगा, कानात सायरन, डोळ्यांसमोर पांढरं, खाली उतरायला लाकडी शिडी. अंधारात शिडीची पहिली पायरी त्याला सापडली नसती. आणि सापडली असती तर खाली पहार घेतलेली माणसं. त्यातून पडून त्याचं काही झालं असतं तर वाचलेल्या मालाकडे तुम्हाला बघवलं नसतं, तुमच्या पत्रावरून एवढं तर मी ओळखतो.

जिथे माणूस झोपतो तिथे हे मशीन चालू ठेवायचं नसतं. मशीन बसवणाऱ्याने पोटमाळा पाहिला असेल, अंथरूणही पाहिलं असेल, आणि त्याने विचारायला हवं होतं. त्याने विचारलं नाही म्हणून मी विचारतोय. त्या मुलाची झोपायची सोय दुकानाबाहेर करा. तुमच्या घरात एखादी खोली असेल, ओसरी असेल, नाहीतर जवळ एक भाड्याची खोली बघा. तो दुकानात झोपायचा तो राखणीसाठीच ना? राखणीचं काम आता मशीन करतंय. ही सोय होईपर्यंत धुकं बंद ठेवा, चालू करू नका, मग टाकी भरलेली असली तरी.

आणि तो गावाहून परत आला की त्याला समोर बसवून हे सगळं समजावून सांगा, त्याच्या भाषेत. दिवसा काम करताना चुकून मशीन सुटलं तर आधी जागचं हलायचं नाही, हातातली गॅसची ज्योत विझवायची, टाकी बंद करायची, मग भिंतीला एक हात लावून दाराच्या दिशेने जायचं. दारापर्यंतच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, जाड दोरी ठोकून घ्या. हात लावून चालता येईल अशी. मशीनवाल्याला सांगून एक दिवस दुकान रिकामं करून धुकं मुद्दाम थोडं सोडायला लावा आणि सगळ्यांनी बाहेरून काचेतून ते किती दाट असतं ते बघा, त्या मुलानेसुद्धा. मग सगळे डोळे मिटून, धुक्याशिवाय, ती दोरी धरून दोनदा बाहेर या. यजमानांच्या गुडघ्याचे टाके निघाले की पहिल्यांदा त्यांनाच घेऊन करा.